दोन बोटं माया

पारकर टेलर दंडाभोवती टेप फिरवतात
आणि थांबतात.
चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा मोजतात.
वहीत माझ्या नावापुढे अकरा होतं, गेल्या गणपतीतलं.
त्यावर काट मारून, काही न बोलता,
पेन्सिलीनं लिहितात : पावणेबारा.
"लग्नासाठीच आहे ना?" एवढंच विचारतात,
जणू तोवर उतरेल ही सूज.

कन्नमवार नगरात बातमी टेपपेक्षा भरभर फिरते.
नणंदेचा फोन. वजनं उचलतेस म्हणे?
सांभाळ हो. बाईमाणसाचं अंग.
खांदे पुरुषी झाले की साडी हँगरवर टांगल्यासारखी दिसते,
आणि लेकीच्या लग्नात फोटो तर निघणारच.
मी म्हटलं, वन्सं, साडी हँगरवरच तर सगळ्यात छान दिसते.
त्या हसल्या नाहीत.

खोटं कशाला बोलू, भीती मलाही होती.
सुरुवातीला रोज रात्री कडी लावून
आरशासमोर दंड वळवून बघायचे,
तेराव्या वर्षी आणखी काही बघायचे तशी चोरून.
हर्षला वैतीला विचारलं, फार तर नाही ना वाढणार?
भांडुप गावची पोर. हाताचा खडू झटकत म्हणाली,
"काकी, आठ वर्षं मी वाढवायला बघतेय.
रोज सहा अंडी, वर बोंबील,
तरी वाढत नाहीत मेले.
तुमचे काय झोपेत वाढणार? नखं आहेत का ती?"

जिम कसली, झेरॉक्सच्या दुकानावरचा पोटमाळा.
लोखंड आपटलं की खालून शेठ
झाडूच्या दांड्यानं छत ठोकतो.
म्हणून आम्ही सगळ्या हळू ठेवायला शिकलो.
उचलतं कुणीही, हर्षला म्हणते,
ठेवताना कळतं.

का गेले, ते कुणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत आई मोरीत पडली.
बेचाळीस किलोंची आई,
आणि मला उचलेना.
काखेत हात घातले, कमरेला धरलं,
माझ्याच पायाखाली साबण.
शेवटी वॉचमनला हाक मारली.
भला माणूस. मान वळवून उचललं त्यानं,
पलंगावर ठेवलं
आणि चपला आमच्या दारातच विसरून खाली गेला.
आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.
अंगावर ओला गाऊन,
आणि बोटं छातीवर पदर शोधत होती.

दुसऱ्या दिवशी पोटमाळ्याचा जिना चढले.
रिकामा दांडाच पंधरा किलोंचा.
मग वीस. मग मधे दोन महिने पाठ धरली, घरीच.
मग पुन्हा वीस.
चाळीस झाले त्या सकाळी बायकांनी टाळ्या वाजवल्या.
मी मनात उरलेले दोन मोजत होते.

आता आई अडतीसवर आलीय.
ती उतरत, मी चढत,
कधी ओलांडलं एकमेकींना, कळलंच नाही.
रोज सकाळी मोरीतून पलंगापर्यंत.
हळू ठेवते.
खालून कुणी ठोकत नाही.
"काय गं टणक झालेत हात," म्हणते,
मटार दाबून बघावा तसा दंड दाबते,
आणि टीव्ही लागला तरी सोडत नाही.

पारकर ब्लाउजची घडी पुढे सरकवतात.
"बाहीत आतून दोन बोटं माया ठेवलीय.
अजून लागलं तर उसवून घ्या.
आणि उतरलेच, तर..."
"नाही उतरणार," मी म्हणते.
ते क्षणभर बघतात.
मग वही ओढून पेन्सिलीचा आकडा
पेननं गिरवतात.